जिनाप्पांनी क्वांटममध्ये हात घातला

आमचे आप्पा, म्हणजे जिनाप्पा, निपाणीत चाळीस वर्षं तंबाखूची खरेदी करत होते. पोत्यात वर मांडलेली देखणी पानं त्यांनी कधी बघितलीच नाहीत. बाही सारायची, कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि मधली मूठ काढून हुंगायची. आत्यासाठी स्थळ बघायला गेले, तर मुलाकडच्यांना बैठकीत सोडून हा माणूस मागच्या दारानं त्यांच्या स्वयंपाकघरात! स्थळ मोडलं. आत्या वर्षभर बोलली नाही.

मी त्यांची लेक राजश्री, बेळगावात क्वांटम भौतिकशास्त्रात पीएचडी करते. लेसरच्या वाटेतला आरसा किंचित कलला, की किरण किती सरकला ते मोजायचं, हे माझं काम. युक्ती अशी, की शेवटी जवळजवळ सगळा उजेड अडवायचा. जो थोडका सुटतो, तो शंभरपट सरकलेला दिसतो. म्हणून सहा वर्षांच्या प्रबंधात मी ठोकून दिलं होतं: अचूकता शंभरपट! सोमवारी तोंडी परीक्षा होती.

शनिवारी आप्पा प्रयोगशाळेत आले. सगळं ऐकून म्हणाले, "बाकीचा उजेड कुठं गेला गं?"

"टाकून दिला. उजेडाच्या दहा हजार कणांतला एक ठेवायचा."

"अय्यो! एका पानावर सौदा? पोतं कुठंय?"

माझं टाळकंच सटकलं. "आप्पा, ही तंबाखू न्हाय!"

"नसू दे की. तेवढाच उजेड वापरून, काय न अडवता, साध्या रीतीनं मोजलीस काय?"

नव्हतं मोजलं. साधी रीत मिनिटभर चालवली होती आणि माझी लाडकी युक्ती दिवसभर! तणतणत दोन्ही रीतींना सारखाच उजेड देऊन बघितला. सरकणं शंभरपट झालं होतं, पण कण कमी पडल्यानं आकड्यांची थरथरही शंभरपट झाली होती. फायदा काय न्हाय. मी तिथंच स्टुलावर बसून हमसून हमसून रडले.

"रडतीस कशाला? माल उचलायच्या आधी कळलं न्हवं?" आप्पांनी रुमाल दिला.

रविवारभर बसून प्रबंधातलं अचूकतेचं प्रकरण नव्यानं लिहिलं. सोमवारी परीक्षकांचा पहिलाच प्रश्न आला, "एकूण उजेड किती वापरला?" सगळं सांगितलं. उजेड जास्त झाला की मोजणारं यंत्रच गुदमरतं, तिथं ही युक्ती कामाची, एरवी तिच्यानं अचूकता वाढत नाही. त्यांनी मान डोलावली आणि सही केली.

बाहेर आप्पा निपाणीला फोनवर ओरडत होते, "आमच्या राजीनं सहा वर्षं राबून सिद्ध केलंय, फायदा शून्य! व्हय व्हय, डॉक्टर झाली!"

फोन हिसकावून घ्यावा असं वाटलं. पण ओरडता ओरडता ते रुमालानं डोळे टिपत होते. म्हटलं, सांगू देत अख्ख्या निपाणीला.