तोकुजी आणि स्टेशनवरचा मुळा

जपानमधल्या साकाताच्या बंदरात, बर्फाच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला तोकुजी मोगामी हा अतिशय भिडस्त माणूस. किती भिडस्त, तर भाच्याच्या लग्नाला सेंदाईला गेला असताना त्यानं तिथल्याच न्हाव्याकडे केस कापून घेतले आणि परत आल्यावर केस वाढेपर्यंत गल्लीतल्या न्हाव्यासमोर डोक्यावरची टोपी काढली नाही. तेही ऐन उन्हाळ्यात. बायको सुमिए म्हणाली, "अहो, त्याला काय कळतंय?" तर म्हणे, "त्याला कळेल. तो पाठमोरा माणूससुद्धा ओळखतो." पुस्तकाच्या दुकानात लोक उभ्याउभ्या मासिकं वाचून खुशाल निघून जातात, याला तेही जमायचं नाही. चार पानं चाळली की हा ते मासिक विकत घ्यायचा. त्यांच्या घरात विणकाम कुणालाच येत नाही, पण विणकामाची मासिकं आहेत.

अशा या माणसाला निवृत्त झाल्यावर एकच नाद लागला, तो आपल्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीचा. लोक जाहिरात लागली की चहा टाकायला उठतात. तोकुजीचं सगळंच उलटं. कार्यक्रम चालू असताना तो डुलक्या घ्यायचा आणि जाहिरात लागली की ताठ बसून हाक मारायचा, "अगं, लागली!" सुमिए ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत यायची.

जाहिरातीत एक डोंगरातलं स्टेशन होतं, तिथे गाडी म्हणून कधी थांबत नसे. एक मिशीवाला स्टेशनमास्तर, आणि त्याचा मदतनीस म्हणजे भला थोरला पांढरा मुळा. डोक्यावर टोपी, बोलणं अदबीचं. मदतनीस मुळाच का, हे कंपनीनं सांगितलं नाही आणि अख्ख्या जपानात कुणी विचारलंही नाही. फलाटावर चहाची टपरी चालवणाऱ्या बाईवर या मुळारावांचं मन बसलेलं. दर वेळी धीर करून ते तोंड उघडणार, तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजायचा. मग घरच्यांशी बोलणं फुकट, अमुक दर, तमुक सवलत, आणि भाग संपला. पुढचा कधी लागेल याचा नेम नाही. खरी गंमत त्यातच होती. मालिकेची वेळ ठरलेली असते, तिची वाट बघण्यात काय राम? ही आपली उडतउडत यायची, आणि ज्यानं आधी पाहिली तो दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात भाव खायचा.

सुमिएला त्या मुळ्याचे उपकार वाटत. बर्फात काम करून करून नवराही तसाच झाला होता, घरी आला की गप्प. लग्नानंतर इतक्या वर्षांनी दोघांना बोलायला काहीतरी सापडलं होतं. ती म्हणायची, "सांगून टाकावं एकदाचं." तो म्हणायचा, "सांगणं सोपं असतं का गं?" आणि मग जेवण होईपर्यंत तेच चालायचं.

त्यांचा एकुलता एक मुलगा केइगो यामागाता शहरात दुसऱ्याच मोबाइल कंपनीच्या दुकानात नोकरीला. उन्हाळ्यात पितरांच्या सणाला घरी आला आणि कलिंगड खाताखाता त्यानं विषय काढला.

"बाबा, तुम्ही दोघं आमच्या कंपनीत या ना. नंबर तोच राहतो. साहेब रोज टोमणे मारतात, घरचे तरी आणलेस का म्हणून."

तोकुजी बिया ताटलीच्या कडेला लावत म्हणाला, "येऊ की. पण मुळारावांचं एकदा मार्गी लागू दे. लोकांना असं अर्ध्यावर टाकून जाणं बरं दिसत नाही."

"तो मुळा आहे, बाबा. मी तुमचा मुलगा आहे."

"तुझं कुठे काय अडलंय? त्याचं अडलंय."

तोकुजीनं हे थट्टेनं म्हटलं होतं, पण ज्याचं खरोखरच अडलेलं असतं त्याला असली थट्टा झोंबते. केइगो दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघून गेला. पितरांना निरोप द्यायलाही थांबला नाही. निरोपाचा दिवा त्या वर्षी दोघांनीच लावला.

शरद ऋतूत एक दिवस तोकुजीनं लग्नाकार्याचा कोट चढवला आणि साकातामधल्या केइगोच्या कंपनीच्या दुकानात जाऊन आपला फोन बदलून आणला. सुमिएचा मात्र जुन्याच कंपनीत ठेवला. म्हणाला, "एकदम सगळ्यांनी उठून जाणं बरं दिसत नाही."

सुमिएनं मुलाला फोन करून ही बातमी दिली. तो म्हणाला, "साकाताच्या दुकानात? आई, मग ते त्या दुकानाच्या नावावर गेलं. मला त्याचा काय उपयोग?" मग म्हणाला, "बाबांना सांग, एवढं करायला नको होतं." नव्या वर्षाला तो आला नाही, दुकान उघडं आहे म्हणाला. पुढच्या उन्हाळ्यातही आला नाही. आता तो रागावला नव्हता, ओशाळला होता. पण ओशाळलेला मुलगा रागावलेल्या मुलापेक्षा जास्त दिवस लांब राहतो, हे सुमिएला कळून चुकलं आणि तिचा जीव तुटू लागला.

आणि इकडे घरात भलतंच सुरू झालं. फोन बदलून आणल्यावर पहिल्यांदा जाहिरात लागली, तसा तोकुजी उठून चालू लागला.

"अहो, लागली ना."

"माहीत आहे. पण मी आता त्यांचा गिऱ्हाईक नाही. पैसे एकाला द्यायचे आणि गोष्ट दुसऱ्याची फुकट बघायची?"

"मी आहे ना गिऱ्हाईक. माझ्याबरोबर बसा."

"पाहुणा म्हणून एकदा बसेन. दर वेळी बसलो तर त्याला निर्लज्जपणा म्हणतात."

सुमिएनं कपाळाला हात लावला. एकदा तिनं नुसतं "आज मुळारावांनी ना," एवढंच म्हटलं, तर हा म्हणाला, "सांगू नकोस. ते मागच्या दारानं बघितल्यासारखं होईल." कुठल्या मातीचा माणूस हा! जाहिरातीशी इमान राखायला निघालेला. जेवणं पुन्हा मुकाट होऊ लागली. मुलगाही नाही आणि मुळाही नाही, असं ते घर झालं.

डिसेंबरात टीव्हीवर सांगू लागले की वर्षाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्या जाहिरातीचा शेवटचा भाग लागणार. त्या दिवशी सुमिएनं वर्ष सरताना करतात त्या नेहमीच्या नूडल्स केल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "आजचा दिवस बसा. नंतर काही बघायचं राहणारच नाही."

"टब घासायचा राहिलाय," असं म्हणून तोकुजी न्हाणीघरात गेला.

घासण्याचा आवाज येऊ लागला. पडद्यावर डोंगर दिसले, स्टेशन दिसलं, आणि सुमिएला एकदम रडू आलं. तिनं टीव्ही बंद करून टाकला. एकटीनं बघून करायचं काय होतं?

थोड्याच वेळात टेबलावरचा फोन वाजला. तोकुजीचा फोन, आणि त्यावर केइगोचं नाव. तो एरवी आईलाच फोन करायचा. तोकुजी बाह्या वर केलेल्या, तसाच बाहेर आला. सुमिएलाही ऐकू जावं म्हणून त्यानं फोन कानापासून जरा लांब धरला.

"बाबा, पाहिलंत? म्हटलं ती संपली म्हणून तुम्हाला चुटपुट लागली असेल. आमच्या दुकानात सगळे उभे राहून बघत होते."

"दुसऱ्या कंपनीची जाहिरात?"

"मग? साहेबांनी गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं. तुम्ही नाही पाहिलंत?"

"मी कसा पाहणार? मी त्यांना सोडून आलो ना."

मग केइगोनं विचारलं, "म्हणजे तेव्हापासून एकदाही नाही?"

"नाही."

"माझ्यामुळे," केइगो म्हणाला. तोकुजीनं जे विचारायचं होतं तेच विचारलं, "मुळारावांनी सांगितलं का तिला?"

"ती गाव सोडून चालली होती. त्या स्टेशनात पहिल्यांदाच गाडी थांबली. मुळारावांनी तोंड उघडलं आणि गाडी सुटली."

"घ्या."

"ऐका तर. गाडीत तिचा फोन वाजला. मुळाराव फलाटावरून बोलत होते. समोर उभं राहून जमलं नाही ते फोनवर जमलं त्यांना. काय बोलले ते ऐकवलंच नाही. ती नुसती हो हो म्हणत होती आणि डोळे पुसत होती."

सुमिए पदराऐवजी एप्रनचं टोक डोळ्यांना लावून ऐकत होती.

"बाबा," केइगो हळूच म्हणाला, "जाहिरात काय गिऱ्हाइकांसाठी असते? जे आहेतच त्यांना कशाला दाखवायची? ती असते सोडून गेलेल्यांसाठी. त्यांना परत यावंसं वाटावं म्हणून."

तोकुजी ओला हात पँटला पुसत उभा राहिला.

"सोडून गेलेल्यांसाठी," तो म्हणाला.

"हो."

"मग तू कधी येतोस?"

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग केइगो म्हणाला, "परवा सुटी आहे. सकाळच्या गाडीनं निघतो."

"बरं," म्हणून तोकुजीनं फोन सुमिएच्या हातात दिला आणि घाईघाईनं परत न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. टब लख्ख घासून झाला होता, तरी पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.