दादाला न आवडलेली कादंबरी

दादा गेल्यावर आमच्या वाचक मंडळातल्या लोकांनी एका कादंबरीची जी स्तुती केली, ती मला अजून सहन होत नाही. दादा माझा थोरला भाऊ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला, लग्न केलं नाही, आणि मी शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांत राहत होतो. मी कमी बोलते. घरात बोलायचं काम त्याचं होतं.

मंडळ पेठेतल्याच एका ग्रंथालयाच्या माडीवर भरायचं, महिन्यातून एका रविवारी सकाळी. खालून फुटबॉलच्या पोरांच्या मोटारसायकली आरडाओरडा करत जायच्या आणि वर आम्ही दहा-बारा पांढऱ्या केसांची माणसं पुस्तकावर भांडायचो. नियम एकच होता आणि तो दादानंच घालून दिला होता. पुस्तकाबद्दल काही म्हणायचं असेल तर पान सांगायचं. कुणी नुसतं "लेखकाची जाण फार खोल आहे" म्हणालं की दादा खुर्चीतून ओरडायचा, "पान?" आणि बोलणारा चाचपडत पानं उलटायचा.

ती कादंबरी नऊशेच्या वर पानांची. गावाबाहेरची एक कापडगिरणी बंद पडते, माणसं पांगतात आणि आवारातली कुत्री तिथंच राहतात. कुत्र्यांच्या तीन पिढ्या आणि त्यांना भाकरी टाकणारा एक रखवालदार, एवढीच गोष्ट. एका बैठकीत संपण्यासारखी नव्हती, म्हणून आम्ही ती तीन महिन्यांत वाटून घेतली.

पहिल्या दोन बैठका फार मजेत झाल्या. आमचे अध्यक्ष मराठीचे निवृत्त प्राध्यापक. ते म्हणाले, ही कुत्री म्हणजे देशोधडीला लागलेले कामगार आहेत. आमच्यातल्या एक बाई रोज संध्याकाळी कॉलनीतल्या कुत्र्यांना दूधभात घालतात. त्या चिडल्या. "कामगार कशाला असायला पाहिजेत? कुत्री कुत्रीच असली तर काय बिघडतं तुमचं?" त्यांनी प्रत्येक प्रकरणाला डोळे पुसले होते आणि त्याची त्यांना लाज नव्हती. वकीलसाहेबांना लहानपणी कुत्रं चावलेलं. ते म्हणाले, "नऊशे पानं! माझा दिवाणी दावा याच्या आधी निकाली निघतो. शंभर पानांनंतर मला सारखं वाटायला लागलं, महापालिकेची गाडी कशी येत नाही अजून?" बाईंनी त्या दिवशी त्यांच्याशी बोलणं सोडलं ते चहा येईपर्यंत.

कुरुंदवाडहून एस.टी.नं येणारे एक सर होते, हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. आत्तार घराण्यातले, बोलायला फटकळ. दादाशी त्यांचं कधी जमलं नाही आणि त्यांच्याशिवाय दादाला बैठक झाल्यासारखी वाटायची नाही. ते दोन्ही वेळा म्हणाले, "पूर्ण वाचल्याशिवाय मी बोलणार न्हाय." दादा म्हणाला, "मग पुढच्या वेळी आधी मी बोलतो आणि मग तुम्ही. पळून जायचं न्हाय."

पुढच्या वेळी दादा काय बोलणार होता ते मला माहीत होतं, कारण ते त्यानं जेवणाच्या ताटावर मला आठवडाभर ऐकवलं होतं. कादंबरीच्या शेवटी रखवालदार मरतो. शेवटची एक म्हातारी कुत्री गिरणीच्या गेटवर बसून राहते. लेखकानं तिला साठेक पानं बसवलीय. गावातली माणसं येतात, बघतात, त्याची वाट बघतेय म्हणून हळहळतात.

"खोटं हाय हे," दादा म्हणाला. "कुत्रं असं बसत न्हाय गं. भूक लागली की उठतं, दुसरं दार बघतं. ह्यानं तिला उपाशी ठेवलीय ती आपल्याला रडवायला."

"पण तू रडलास की," मी म्हणाले. मी त्याला बघितलं होतं.

"व्हय, रडलो. म्हणून तर राग आलाय. साडेआठशे पानं मी ह्या माणसावर विश्वास ठेवला आणि शेवटी त्यानं माझा खिसा कापला."

तो हे मंडळात बोलणार होता. त्यानं वाक्यं घोकली होती, पानं पाठ केली होती. तिसऱ्या बैठकीच्या रविवारी सकाळी आंघोळ करून तो शर्ट घालत होता आणि पलंगावर बसला तो उठला नाही. डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतरच्या रविवारी मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला. राहिलेली तिसरी बैठक आता दादाच्या स्मरणार्थ होणार होती. निरोपात लिहिलं होतं, "त्यांच्या अत्यंत आवडत्या कादंबरीवर चर्चा." मी ते दोन-तीनदा वाचलं. त्याला आवडत नव्हती, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. तो बोलायच्या आधीच गेला होता. पहिल्या दोन बैठकांत त्यानं कुत्र्यांची बाजू घेऊन वकिलांना झोडलं होतं, त्यावरून त्यांनी बाकीचं ठरवून टाकलं. मी ठरवलं की हे आपण तिथं सांगायचं. दादाचं एवढं एकच बोलणं राहिलेलं होतं.

माडीवर टेबलावर दादाचा फोटो होता, हार घातलेला. शेजारी ती कादंबरी उभी करून ठेवली होती आणि तिलाही कुणीतरी गुलाब वाहिला होता.

अध्यक्ष म्हणाले, ही आपल्या काळातली श्रेष्ठ कृती आहे आणि आपल्या स्नेह्यानं ते सर्वांत आधी ओळखलं. बाई म्हणाल्या, अध्यक्ष म्हणाले होते तेच बरोबर, ही नुसती कुत्री नाहीत, आपण सगळेच आहोत. वकीलसाहेब उठले. मला वाटलं, निदान हे तरी. ते म्हणाले, "या कादंबरीची लांबी हेच तिचं सामर्थ्य आहे, हे मला आता उमगतंय." कुणी हसलं नाही. बाईंनी मान डोलावली. अर्धा तास अशी स्तुती चालली होती आणि एकाही माणसानं एकदाही पान विचारलं नाही.

आजारी माणसासमोर बोलावं तशी ती माणसं हळू बोलत होती. दादा असता तर दुसऱ्याच वाक्याला उठून गेला असता.

मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले. एवढ्या वर्षांत मी तिथं कधी उभी राहिले नव्हते. मी म्हणाले, "दादाला ही कादंबरी आवडली नव्हती. तिचा शेवट त्याला खोटा वाटला होता. कुत्रीला गेटवर बसवून लेखकानं आपल्याला फसवलं, असं त्याचं म्हणणं होतं. आज तो हेच बोलला असता."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. बाई पुढं आल्या आणि त्यांनी माझा हात धरला. अध्यक्ष म्हणाले, "ताईंची मनःस्थिती आपण सर्व जण समजू शकतो." मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. मग चहा आला.

मी चहा न घेता खाली उतरले. जिन्यात मागून कुरुंदवाडचे सर आले. वर ते एक शब्द बोलले नव्हते.

"ताई, थांबा. पान सांगा."

"कसलं पान?"

"कुत्री वाट बघते, असं लेखकानं कुठं म्हटलंय?"

"शेवटची साठ पानं दुसरं काय आहे?"

"मी चारदा वाचलीत ती पानं. वाट बघते असं चहावाला म्हणतो. बाजाराला जाणाऱ्या बाया म्हणतात. पेपरवाला येऊन फोटो काढतो, तो म्हणतो. लेखक एवढंच म्हणतो की ती बसली होती. मधी दोनदा ती उठून खाटकाच्या दुकानाकडं जाते, खाऊन परत येते. गेटला सावली हाय म्हणून बसते ती. गोष्ट माणसांनी रचलीय, कुत्रीनं न्हवं. तुमच्या दादाला हे दिसलं कसं न्हाय?"

"दादा रडला होता," मी म्हणाले.

"मग दिसणार कसं? डोळ्यांत पाणी आल्यावर अक्षर लागतंय व्हय?"

मला इतका राग आला की माझा आवाज चढला. दादा गेल्यापासून तो चुकला असं कुणी म्हणालं नव्हतं. "हे तुम्ही तो असताना का नाही बोललात?"

"त्या रविवारी बोलायलाच येत होतो की. आधी ते, मग मी, असं ठरलं होतं न्हवं? शिरोळच्या पुढं बसमध्ये फोन आला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "लई तयारी करून आलो होतो, ताई. ह्या खेपेला मी त्यांना सोडणार नव्हतो."

"मग आत्ता वर का गप्प बसलात?"

"कुणाशी भांडू? सगळी हो म्हणत होती."

घरी येऊन मी ती पानं वाचली. मला आठ दिवस लागले. सरांचं बरोबर होतं. कुत्री दोनदा उठते आणि वाट बघण्याचं बोलणं सगळं बघ्यांच्या तोंडी आहे. ज्या लेखकावर दादा खिसा कापल्याचा आळ घेत होता, त्यानं नेमकं दादाचंच म्हणणं लिहून ठेवलं होतं. दादा त्यावर काय म्हणाला असता? कदाचित म्हणाला असता, एवढं लपवून ठेवायचं असेल तर लिहायचं कशाला. कदाचित गप्प बसून भात कालवला असता. पण ही दोन्ही उत्तरं मी तयार केलेली आहेत. त्याचं उत्तर तिसरंच असायचं, दर वेळी. ते मला कधीच आधी सांगता आलं नव्हतं आणि आता येणार नाही.

पुढं मंडळानं दादाची स्मरणिका काढायचं ठरवलं. अध्यक्षांनी माझ्याकडून एक पान मागितलं. मी सावकाश लिहिते, तरी ते लिहिलं. दादाला ही कादंबरी आवडली नव्हती, तिच्या शेवटावर त्याचा आक्षेप काय होता, आणि कुरुंदवाडच्या सरांचं त्यावर उत्तर काय, पानांच्या आकड्यांसकट. दादा इथं चुकला होता असं मला वाटतं, हेही लिहिलं. माझ्या मते, त्याच्याबद्दल याहून आदरानं काही लिहिता आलं नसतं.

स्मरणिका छापून आली. माझं पान होतं, वर माझं नाव होतं. आक्षेप गेला होता, सरांचं उत्तर गेलं होतं. पहिलं वाक्य होतं, "दादाला ही कादंबरी मनापासून आवडली होती." मी अध्यक्षांना फोन केला.

"अहो ताई, घाईत 'नव्हती' लिहिलं गेलं असेल असं समजून मी दुरुस्त केलं."

"मी घाईत काही लिहीत नाही. खालचं सगळं तुम्ही वाचलंच असेल ना?"

"वाचलं," ते म्हणाले. "पण स्मरणिका आहे हो. लोक घरात जपून ठेवतात. त्यांच्याविषयी कडवट काही राहायला नको, असं सगळ्यांचंच मत पडलं."

"सगळ्यांचं? कुरुंदवाडच्या सरांचंही?"

"त्यांना नाही विचारलं. ते काय, वादच घालत बसले असते."

माझ्याकडे स्मरणिकेचा एक गठ्ठा पाठवला होता, नातेवाइकांना द्यायला. मी पेन घेऊन बसले आणि प्रत्येक प्रतीतलं ते पहिलं वाक्य खोडलं, वर माझं वाक्य लिहिलं. जागा अपुरी होती, अक्षर बारीक काढावं लागलं. बाकीच्या प्रती तोवर वाटून झाल्या होत्या.