नीलाबाईचा नेम

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या अलीकडे जो बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथल्या नीलाबाईचे पुढचे दोन दात चौऱ्याण्णव साली विहिरीवर पडले. पडले म्हणजे पाडले. धाकटा दीर हरिचंद याने कुऱ्हाडीच्या दांड्याने पाडले, भर सकाळी, पाण्याला आलेल्या वीस-पंचवीस बायांदेखत. भांडण पाण्याच्या पाळीचं होतं. नीलाबाई तोंडाची तिखट. तिने त्याला चार शब्द सुनावले आणि त्याने कुऱ्हाड उलटी धरली. ती रक्त थुंकत खाली बसली, तरी त्याने दुसरा दांडा तिच्या खांद्यावर घातला. हा दुसरा ती कधी विसरली नाही. पहिला रागाचा म्हणता येईल, पण दुसऱ्याच्या आधी त्याने पाय नीट रोवले होते आणि ते तिने पाहिलं होतं.

पंच बसले. धर्मसिंग नाईक, तांड्यात शेवटचा शब्द त्याचा, तो म्हणाला, "रागाच्या भरात चूक झाली पोराकून. घरातलं हाय, घरातच मिटवा." हरिचंदने वहिनीच्या पाया पडायचं ठरलं. तो पडला. नीलाबाईचा नवरा फुलसिंग, सरळ माणूस, त्याने वर भावाला चहा पाजला. नीलाबाईच्या तोंडात कापसाचा बोळा होता, म्हणून तिला कोणी काही विचारलं नाही. चूक हा शब्द मात्र तिच्या हिरडीत रुतून बसला.

पुढच्याच वर्षी तिला दमा लागला. हळद पॉलिश करायच्या ढोलावर ती मजुरीला जायची, तिथली पिवळी धूळ छातीत गेली असावी. गोरेगावच्या बाजाराला स्कूटरवर एक डॉक्टर यायचा. डॉक्टर कसला, हातात बॅग होती म्हणून डॉक्टर. त्याच्याकडे कागदाच्या पुड्या असत, आत कुटलेली पांढरी पूड. ती खाल्ली की घंटाभरात छाती मोकळी. नीलाबाई आठ वर्षं रोज एक पुडी खात राहिली. आत काय आहे हे तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. त्या हरामखोराला ते पक्कं माहीत होतं.

पुडीने भूक वाढली, तोंड भाकरीसारखं गोल झालं. बाया म्हणायच्या, नीलाबाईला सुख लागलं. सुख कुठलं? कातडी इतकी पातळ झाली की बांगडी आपटली तरी अंग काळंनिळं व्हायचं. आणि राग तर मुळातच कमी नव्हता, तो आता आवरेना. ज्वारीची राखण करायला शेतात लाकडी माळा बांधलेला असतो, त्यावर ती गोफण घेऊन उभी राहायची. एकदा तिने रानडुकराला एका धोंड्यात लोळवलं, आणि ते पाय झाडत असताना खाली उतरून त्याचं डोकं ठेचत राहिली. डुक्कर केव्हाच मेलं होतं. फुलसिंगने हात धरला तर ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. बाजारात मापात मारणाऱ्या एका मिरचीवाल्याला तिने गोफणीच्या दोरीने पाठ फुटेस्तोवर झोडपलं. तिच्या रागाला तांडा भ्यायचा आणि नेमाला मानायचा. नेमाचा तिला फार अभिमान होता, दुसरं होतं काय तिच्याजवळ?

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात डोळे गढूळ व्हायला लागले, पण तेही सरळ नाही. सांजेला ती तांदळातला खडा वेचायची. दुपारी उन्हात आली की समोर नुसता दुधाचा पडदा, मग पदर डोळ्यांवर ओढून बसायची. असलं आंधळेपण तांड्यात कोणी ऐकलं नव्हतं. हरिचंदची बायको जनकाबाई विहिरीवर सांगत सुटली, "कामाच्या टायमाला आंधळी अन् दिवेलागणीला डोळस. सोंग करून राहिली."

दोन हजार तीनच्या दसऱ्याआधी ज्वारी दाण्यात आली होती. भर दुपारी नीलाबाई माळ्यावर उभी होती. खाली खसखस ऐकू आली. डुक्कर असेल म्हणून तिने गोफणीत धोंडा घातला आणि डोक्यावर फिरवायला घेतली. तेवढ्यात ज्वारीतून आवाज आला, च्यक् च्यक्. ही हरिचंदची खोड. जन्मभर बैल हाकून त्याची जीभच तशी झाली होती, एकटा चालला तरी टाळूला वाजवायचा. त्याची कालवड ज्वारीत शिरली होती, तिला तो शोधत होता. नीलाबाईला पांढऱ्या धुराशिवाय काही दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. तिने आवाज ओळखला. गोफण आणखी दोनदा फिरवली, पाय नीट रोवले आणि दोरी सोडली.

धोंडा हरिचंदच्या डाव्या डोळ्यावर बसला. तो ज्वारी मोडत आडवा झाला. जनकाबाई धावत आली तेव्हा त्याच्या बोटांमधून रक्त आणि पाणी वाहत होतं. नांदेडला नेला, डोळा काढावाच लागला. तिसऱ्या दिवशी जनकाबाई कुऱ्हाड घेऊन नीलाबाईच्या दारात आली आणि आतून लावलेल्या दारावर घाव घालत राहिली. फळीतून पातं आत दिसायला लागलं तेव्हा चौघांनी तिला ओढून नेलं.

नाईक म्हणाला, "आधी हिला दिसतं का न्हाई ते डॉक्टरकून कळू द्या. दिसत आसंल तर जाणूनबुजून मारलं, मंग तांड्यात जागा न्हाई. दिसत नसंल तर चूक."

हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी बत्ती लावून डोळे पाहिले आणि वय विचारलं. बेचाळीस. मग औषधं विचारली. फुलसिंगने धोतराच्या सोग्यातून पुडी काढली.

"रोज? आठ वर्षं?" बाईंनी पुडी उघडून पूड चिमटीत चोळून पाहिली. "हा म्हातारपणाचा मोतीबिंदू नाही. या पुडीत स्टिरॉइड असणार. त्याने भिंगाच्या मागे, मधोमध साका बसतो. उन्हात बाहुली बारीक झाली की सगळी वाट बंद. सांजेला बाहुली मोठी होते, तेव्हा कडेकडेने दिसतं. दुपारी हिला दहा पावलांवरचा हत्ती दिसला नसता."

फुलसिंग ढसाढसा रडला. बायको सोंगाडी नाही, हे त्याला पहिल्यांदा कोणी सांगितलं होतं. बाईंनी तशी चिठ्ठी लिहून दिली. पुडी एकदम तोडली तर जिवावर बेतेल, असं बजावून मोजक्या गोळ्या दिल्या, त्या हळूहळू कमी करायच्या. ऑपरेशनला डोळ्याखाली सुई टोचली तेव्हा नीलाबाईने नर्सच्या हातावर नखं रुतवली, पण हूं की चूं केलं नाही. महिन्याने दुसरा डोळा झाला. पट्टी सुटली ती भर दुपारी. खिडकीबाहेर लिंबाचं पान न पान वेगळं दिसलं. मग तिला फुलसिंगचं मनगट दिसलं. त्यावर तिच्या चाव्याचा व्रण होता, मधली दोन दातांची जागा कोरी. ती कितीतरी वेळ त्या कोऱ्या जागेकडे पाहत होती.

संक्रांतीनंतर पंच बसले. एका बाजूला नीलाबाई, दुसऱ्या बाजूला हरिचंद, दोघांच्याही डोळ्यांवर दवाखान्याचा काळा चष्मा. पोरं हसायला लागली, त्यांना नाईकाने हाकललं. चिठ्ठी वाचली. मग हरिचंद उठून म्हणाला, "वयनीची चूक झाली. माझं काय म्हणणं न्हाई."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. खरं तर इथे गप्प बसायचं होतं. घर, शेत, तांडा, सगळं वाचलं होतं. पण तोच शब्द पुन्हा कानावर आला आणि नीलाबाईचं डोकं फिरलं. तिने चष्मा काढला.

"माझी चूक न्हाई झाली."

"नीले, बस खाली," फुलसिंगने तिचा पदर ओढला.

"दिसत न्हवतं, ते बराबर हाय. ऐकू येत व्हतं. यानं जीभ वाजवली. मी ओळखून मारलं. माझा नेम चुकत न्हाई."

नाईक सावकाश म्हणाला, "समजून बोल. तांडा सोडावा लागंल."

"सोडते. पण चूक म्हणू नका. नऊ सालं त्यो शब्द गिळून राहिले." ती हरिचंदकडे वळली. "आता तू सांग. दुसरा दांडा चुकून लागला व्हता का?"

हरिचंदने चष्मा काढला. डाव्या बाजूला पापण्या आत ओढलेल्या, खाली पोकळी. नीलाबाईने नजर हलवली नाही. आपण काय केलं ते तिला नीट पाहायचं होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "पहिला रागात बसला. दुसरा म्या मारला."

नाईकाने चिठ्ठीची घडी केली. त्या दिवशी पंचांच्या तोंडून चूक हा शब्द पुन्हा निघाला नाही. नीलाबाईला आठ दिवसांची मुदत मिळाली. तिने आणि फुलसिंगने शेतातच कुडाचं खोपट घातलं. सामान न्यायला बैलगाडी हवी होती, फुलसिंग ती मागायला भावाकडे गेला आणि हरिचंद स्वतःच जुंपून घेऊन आला. जनकाबाई दारातून पाहत होती, ती आत निघून गेली. सामान चढलं. नीलाबाई मागे गाठोड्यावर बसली. हरिचंदने कासरा धरला आणि जीभ वाजवली. शेत येईपर्यंत तो वाजवत होता आणि ती ऐकत होती.