खंडेनवमीची ऐरण

ऐरण चोरीला गेलेली मी पोलिसातल्या नोकरीत एकदाच पाहिली. ते प्रकरण आठवलं की आधी हसू येतं, मग थोडी लाज वाटते.

नागभीडच्या बाजूला छोट्या गाडीचा, म्हणजे नॅरोगेज रेल्वेचा, दुरुस्ती डेपो होता. डब्यांच्या स्प्रिंगा, आकडे, ब्रेकचे दांडे, सगळं तिथे ठोकून सरळ व्हायचं. लाइन मोठी करायची ठरली आणि डेपो बंद पडला. उरलं भंगार आणि ठेकेदाराचा चौकीदार. खंडेनवमीच्या सकाळी कळलं, चार माणसांनी उचलायची ऐरण रातोरात गायब झाली आहे. ठेकेदारानं तक्रार चौकीदारावरच दिली. ऐरण मिळाली नसती तर त्याची नोकरी जाऊन वर गुन्हा लागला असता.

चौकीदार परजिल्ह्यातला, नवा. मी विचारलं, "त्या जागेवर काही सापडलं?" त्याला दरदरून घाम फुटला. "नाही साहेब." मी मनात म्हटलं, चोर हाच.

दुपारी बाजारातल्या फुलवाल्या बाईनं खबर दिली. "साहेब, डेपोतला तो रिटायर फिटर दोन किलो झेंडू घेऊन गेला. घरी तं साधा हातोडाबी नाई त्याच्या. पूजा कायची करून राह्यला?"

हवालदार आणि चौकीदाराला घेऊन गेलो. फिटरच्या अंगणात ऐरण हळदीकुंकू लावून बसलेली, भोवती फिटर धरून डेपोतले पाच म्हातारे. कोणी आणली? पाचही जण म्हणाले, "मी एकट्यानं." एकाला म्हटलं, उचलून दाखव. त्यानं हात लावला आणि कंबर धरून खाली बसला.

फिटर म्हणाला, "साहेब, जिंदगीभर हिनं आमाले पोसलं. डेपो बंद झाला म्हणून हिची पूजा सोडाची का? चोरी काऊन म्हणता? जागेवर नारळ ठेवून आलो ना. आमच्या डेपोत नारळ दिसला का समजाचं, अवजार पूजेले गेलं, परत येते."

मी चौकीदाराकडे पाहिलं. तो पुटपुटला, "भूक लागली होती साहेब. खाल्ला."

म्हाताऱ्यांचे चेहरे उतरले. आपल्यापायी याच्यावर आळ आला हे त्यांना ठाऊकच नव्हतं. फिटरनं त्याला हाताला धरून पाटावर बसवलं आणि पुढ्यात ताट मांडलं. ऐरण द्यायला मात्र कोणी तयार नव्हतं. "मांडलेली पूजा दसऱ्याआधी हलवत नाई, साहेब." मी आवाज चढवणार, तोच हवालदार कानाशी म्हणाला, "साहेब, आपल्या ठाण्यातल्या बेड्याबी पूजेतच हायेत." मी ऐरण दसऱ्यापर्यंत तिथेच राहू दिली.

दसऱ्याला पाच म्हातारे आणि चौकीदार यांनी ऐरण बांबूला बांधून वाजतगाजत परत नेली. तक्रार गैरसमजातून झाली, असं ठेकेदारानं लिहून दिलं. चौकीदार कामावर राहिला.

साहेबांनी एका दिवसात छडा लावला, असं लोक म्हणत राहिले. खरं सांगतो, त्या सकाळी चौकीदाराला घाम फुटला तेव्हाच मी बेड्या मागवल्या होत्या. त्या ठाण्यातल्या पूजेत झेंडूखाली होत्या म्हणून तो वाचला. माझ्या हुशारीनं नाही.