मोहरील मास्तरांची शिष्या

रेल्वेतली कारकुनी उरकून यज्ञेश्वर मोहरील संध्याकाळी रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या घरी पेटी काढून बसायचे. शिकायला पोट्टे-पोट्ट्या पुष्कळ यायचे. गळा मात्र एकीलाच होता, समोरच्या घरातल्या संपदाला. तिच्या बापाला गाण्याचं वावडं. त्याच्या विनवण्या करून मास्तरांनी तिला अकरा वर्षं शिकवलं, भिलाईच्या स्पर्धांना स्कूटरवर बसवून नेलं. पुढे ती टीव्हीवर जिंकली, मुंबईला गेली. फोन हळूहळू बंद झाले.

आठ वर्षांनी नवा रायपूरला तिचा मोठा कार्यक्रम ठरला. मास्तरांनी ठेवणीतला कुर्ता घातला, बायकोला, शारदाबाईंना, सोबत घेतलं. जागा मिळाली ती अगदी मागे.

निवेदकाने विचारलं, "आपके गुरु कौन?"

संपदा हसली. "कोई नहीं. घर में गाना मना था. तालाब के किनारे अकेली गाती थी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शारदाबाईंनी वळून पाहिलं, तर मास्तरही टाळ्या वाजवत होते.

कार्यक्रमानंतर तासभर ताटकळल्यावर आत सोडलं. संपदा पाया पडली.

"मास्तर, मनावर नका घेऊ हं. आमची टीम म्हणते, लोकांना अशीच गोष्ट आवडते. तुम्ही तर घरचेच."

"हव," मास्तर म्हणाले. "छान गायलीस."

तेवढ्यात कोणीतरी फुलं घेऊन आलं, आणि ती तिकडे वळली.

परतताना रिक्षात शारदाबाई म्हणाल्या, "तुम्ही काहून नाही बोलले?"

"काय बोलू? लाजली असती, तर मीच समजूत काढली असती तिची. तिले तर काही वाटलंच नाही."

आठवडाभरात तो व्हिडिओ पाऱ्यात, अख्ख्या मोहल्ल्यात, सगळ्यांच्या फोनवर पोचला. मास्तर उगाच तिचं नाव सांगतात, असं लोक बोलू लागले; दोन मुलं शिकवणीला यायची थांबली. नव्या मुलीला घेऊन आलेल्या एका बाईंनी दारातच विचारलं, "मास्तरजी, लोग कहते हैं, संपदाजी को आपने सिखाया. सच है?"

स्वयंपाकघरात शारदाबाईंचा हात थांबला.

"नहीं," मास्तर म्हणाले. "पड़ोस में रहती थी."

त्यांनी पेटी पुढे ओढली, मुलीला सा लावायला सांगितला. पोट्टीने लावला. असा सच्चा सूर त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"कैसी है आवाज?" आईने विचारलं.

"ठीक है," मास्तर म्हणाले, आणि भाता हलवत राहिले.