सुलेखाताईनं काहीच सांगितलं नाही

सुलेखाताईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे बजाजनगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुणाकडं पाहुणे आले, कुणाच्या सुनेनं माहेरी जायची बॅग भरली, कुणाचा ओव्हरटाइम बंद झाला, सगळं संध्याकाळी ओट्यावर भाजी निवडता निवडता तिच्याकडून कळायचं. बाई वाईट नव्हती बरं का. ती मीठमिरची लावायची नाही आणि कुणाचं वाईट चिंतायची नाही. पण कानावर पडलं की कुणाला तरी सांगितलंच पाहिजे, नाहीतर तिला घास जायचा नाही. नवरा कडुबा वाळूजच्या कंपनीत होता. तो म्हणायचा, "माझी पगारवाढ झाली, हे मलासुदिक हिनंच सांगितलं."

अशी ही सुलेखाताई शहरातल्या एका कॉलेजात कारकून होती, आणि गेल्या वर्षी नशिबानं तिची चांगलीच फिरकी घेतली.

झालं असं, की एका बापानं ऑफिसच्या खिडकीवर पोराचे मार्क विचारले. खिडकीवरच्या माणसानं ते खणखणीत आवाजात वाचून दाखवले. बापानं तिथंच व्हरांड्यात, समद्या पोरापोरींच्या देखत, पोराच्या कानाखाली जाळ काढला. ते पोरगं पुन्हा कॉलेजात आलं नाही. प्राचार्य मॅडमच्या मनाला ही गोष्ट फार लागली आणि त्यांनी नियमच करून टाकला. अठरा वर्षांवरच्या विद्यार्थ्याचे मार्क, हजेरी, विषय त्याच्या होकाराशिवाय कुणालाही सांगायचे नाहीत. आईबापालासुद्धा नाही. पालकांनी वर्गात शिरायचं नाही, आवाज चढवायचा नाही, खिडकीवर एका वेळी दोघांनीच यायचं. तसा फलक लागला, आणि नेमका त्याच महिन्यात खिडकीवरचा माणूस निवृत्त झाला. दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून खुर्ची मिळाली सुलेखाताईला.

ऑफिसात हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेबलावरची मंजुषा म्हणाली, "घ्या! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

सुलेखाताईला राग आला नाही, कारण तिलाही तसंच वाटत होतं. सुरुवातीला तिचे लई हाल झाले. कोण नापास, कोणाची हजेरी कच्ची, कोणत्या पोरीनं शिष्यवृत्ती मिळवून घरी पत्ता लागू दिला नाही, एवढं सगळं पोटात घेऊन ती घरी जायची आणि तिचं पोट खरंच दुखायचं. कडुबा ओवा चावायला द्यायचा आणि विचारायचा, "आता कुणाचं खाल्लंस?" ती नुसती मान हलवायची. पण त्या मार खाल्लेल्या पोराचा चेहरा तिनं पाहिला होता. तो आठवला की तोंड आपोआप मिटायचं.

या सगळ्यात तिला सगळ्यात जड गेलेली गोष्ट म्हणजे सत्यमची. गंगापूरकडचं हे पोरगं केमिस्ट्रीला आलेलं. पहिल्याच वर्षात त्यानं मान टाकली. दुसऱ्या वर्षी तो पर्यटन आणि जपानी भाषेकडं वळला. बदलीचा अर्ज द्यायला खिडकीवर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. म्हणाला, "मावशी, वडलांना वाटतं मी केमिस्ट होऊन कंपनीत लागणार. तुम्ही सांगू नका. दिवाळीला घरी गेलो की मीच सांगतो." दिवाळी झाली, संक्रांत झाली, पण पोराची जीभ दातांपर्यंत यायची आणि माघारी वळायची. सुलेखाताई भेटली की विचारायची, "सांगितलं का रं?" तो जमिनीकडं बघायचा.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी कॉलेजच्या फाटकापाशी काळीपिवळी जीप थांबली. एका पोराची चौकशी करायला जीपभर माणसं! पुढं सत्यमचा बाप कारभारी, त्याच्या मागं मेहुणा सखाराम, त्याच्या मागं सत्यमची आत्या, आणि शहरात ट्रॅक्टरचं सामान घ्यायचं होतं म्हणून आलेले आणखी दोघं. सगळे एकदम खिडकीवर आले.

"एका वेळी दोघांनीच," सुलेखाताई म्हणाली.

"आमी समदे त्याचे पालकच हावोत," आत्या म्हणाली, आणि तिनं खिडकीत कोपर रोवलं.

कारभारीनं पोराचं नाव सांगितलं आणि हजेरी विचारली. सखारामला कारणही सांगायचं होतं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी दौलताबादला पेरू आनाया गेल्तो. किल्ल्याच्या दरवाजात ह्यो आमचा भाचा! भर कॉलेजच्या टायमाला! पुढं ह्यो, मागं दोन परदेशी बाया, अन् हातवारे तर असे, की ईचारू नका. दाजी, मी म्हनलं ना, पोरगं हातचं गेलं."

"तासाला बसत नसंल तर तसं सांगा," कारभारी म्हणाला. "आजच्या आज गाठोडं बांधतो अन् जीपमधी घालतो. बास झालं शिक्षान."

सुलेखाताईनं हजेरीचं रजिस्टर मिटून घेतलं. केमिस्ट्रीची हजेरी तिनं सांगितली असती तर ती शून्य होती. जपानीची सांगितली असती तर पोरगं वर्गात पहिलं होतं. म्हणजे सगळंच जिभेच्या टोकावर, आणि दोन्हीकडून पोराचा गळा. मेहुण्यासमोर, बहिणीसमोर, खिडकीवरून ऐकलेली गोष्ट या बापानं पचवली नसती. पोरगं संध्याकाळी गंगापुरात असतं.

"हजेरी सांगता यायची नाही, दादा. त्याचा होकार लागतो."

"मी बाप हाये त्याचा!"

"व्हय, नाक सांगतंय की. तरी नाही."

"वा रं वा!" सखाराम उसळला. "फी भरायला बाप, अन् हजेरी ईचारली की बाप कोन?"

प्रश्न काही खोटा नव्हता. सुलेखाताईनं चहा सांगितला. सगळ्यांना पालकांच्या खोलीत बसवलं आणि "मोठ्या मॅडमना विचारून येते" म्हणून ती आतल्या बाजूला गेली. तिथून तिनं सत्यमला फोन लावला.

"कुठं हाईस?"

"किल्ल्यावर, मावशी. सरांसोबत आलोय, सराव चाललाय."

"तुझा बाप आलाय. सोबत निम्मं गाव आणलंय. त्यांना तुझी हजेरी पाहिजे."

मग तो म्हणाला, "मावशी, तुम्हीच सांगून टाका ना. माझा होकार आहे. पाहिजे तर लिहून देतो. सगळं सांगा."

आता बघा! आठ महिने जी गोष्ट पोटात घेऊन बाई ओवा चावत होती, तिचं कुलूप पोरानं स्वतःच्या हातानं काढून दिलं. नियम आडवा नव्हता, मॅडम रागावणार नव्हत्या. बाहेर जाऊन घडाघडा बोलायचं आणि मोकळं व्हायचं. तिच्या ओठांवर पहिलं वाक्य आलंसुद्धा.

पण ती म्हणाली, "नाय रे बाळा. मी बोलले तर ती चुगली होईल. त्यांना वाटेल, पोरानं फसवलं अन् कारकुनीनं पकडून दिलं. तू ये."

"मला भीती वाटते, मावशी."

"वाटू दे. भीत भीत ये, पण ये. तोवर मी धरून ठेवते सगळ्यांना."

आणि मग सुलेखाताईनं काय केलं? जे तिला येतं तेच केलं. पालकांच्या खोलीत जाऊन ती बोलायला बसली. औषधाच्या दुकानात भेटलेल्या बाईपासून सुरुवात केली, वाळूजच्या रस्त्यावरचे खड्डे घेतले, यंदाची हळदीकुंकवं घेतली, एका लग्नात नवरदेवाचा बूट कसा हरवला ते घेतलं. तोंडाला थांबा नाही. सखारामनं दोनदा "ते हजेरीचं..." म्हणून तोंड उघडलं आणि दोनदा त्याच्या हातात भजी आली. एवढं बोलणं, आणि त्यात सत्यमबद्दल एक अक्षर नाही. मंजुषा दारातून कान देऊन ऐकत होती. ती मागाहून म्हणाली, "माणूस गप्प बसून गुपित राखतं. हिनं बोलून बोलून राखलं."

बोलता बोलता तिनं समोरच्यांनाही बोलतं केलं. आत्यानं सांगून टाकलं, की कारभारी तरुणपणी जत्रेत कुस्त्या पुकारायचा. "भोंगा नसायचा तवा. ह्याचा आवाज पार वेशीपातूर जायचा! लोक कुस्ती सोडून ह्याचंच ऐकायचे." कारभारी लाजला. "जाऊ दे की आक्का," म्हणाला. पण मिशीत हसत होता.

तेवढ्यात सत्यम आला. कुणाची तरी मोटरसायकल मागून आणलेली, केसांत धूळ, डोक्यावर गाइडची टोपी तशीच. पोरानं आधी बापाचे पाय धरले आणि खालूनच, वर न बघता, सगळं एका दमात सांगून टाकलं. केमिस्ट्री सोडली. जपानी शिकतोय. पाहुण्यांना किल्ला दाखवायचं काम शिकतोय. सांगायची हिंमत झाली नाही. चुकलं.

"बघा दाजी!" सखाराम उभा राहिला. "मी म्हनलं नव्हतं? घाला जीपमधी!"

कारभारीचा चेहरा काळवंडला. त्यानं पोराकडं पाहिलंच नाही. सवयीनं तो सुलेखाताईकडं वळला. "बाई, खरं हाय का हे? पास तरी व्हतो का? आता तर त्याचा होकार बी हाय. सांगा."

"तो इथं उभा हाय की, दादा," सुलेखाताई म्हणाली. तिला लई वाईट वाटत होतं त्या माणसाचं. "मला कशाला विचारता? त्यालाच विचारा."

साधी गोष्ट वाटते ना? पण कारभारीला ती जमेना. पोरगं शाळेत होतं तेव्हा त्यानं मास्तरला विचारलं. तालुक्याला होतं तेव्हा खोलीमालकाला विचारलं, इथं खानावळवाल्याला विचारलं. पोराविषयी तो गावभर विचारत आला होता आणि पोराला कधी विचारलं नव्हतं. त्यानं दोनदा घसा खाकरला. मग खाली वाकून पोराला दंडाला धरून उठवलं.

"सत्या," तो म्हणाला, "कसं चाललंय रं तुझं?"

पोरानं बापाकडं पाहिलं. मग जो बोलायला लागला, तो थांबेना. अक्षरं किती अवघड असतात, वर्गात आपण पहिले कसे आलो, किल्ल्यातल्या अंधाऱ्या वाटेत म्हाताऱ्या पाहुण्यांचा हात कसा धरायचा, परवा एक जपानी आजोबा कसे खळखळून हसले. बोलता बोलता त्याचे हात सुटले, आवाज चढला. पालकांनी आवाज चढवू नये असा नियम होता, पण पोरांसाठी तसं काही लिहिलेलं नव्हतं.

कारभारीनं खुर्ची ओढली. "मग? काय म्हनले ते आजोबा?" तो म्हणाला, आणि पोराचं बोलणं बंद पडू नये म्हणून हातानंच त्यानं सखारामला गप्प केलं.

सुलेखाताईला पुढचं ऐकायचं होतं. देवाशपथ, ऐकायचं होतं! ते आजोबा काय म्हणाले, बाप काय म्हणणार, जीप रिकामी जाणार की भरून, सगळं. बोलणं अर्धवट सोडून उठणं तिला जन्मात जमलं नव्हतं. पण ती उठली. "चला, चला, कँटीनमधी गरम भजी निघालीत," म्हणत तिनं आत्याला उठवलं, सखारामला उठवलं, त्या ट्रॅक्टरवाल्या दोघांना उठवलं, आणि सगळ्यांना पुढं घालून ती बाहेर आली.

बाहेर येताना तिनं मागं हात नेला आणि बापलेकावरचं दार हळूच ओढून घेतलं.