आप्पा आणि टाकीतलं जितराब

आप्पांना हात स्वस्थ ठेवून बसता येत नसे. आमच्या शिरूरच्या सोसायटीत तळमजल्यावर ज्येष्ठांसाठी एक खोली आहे. तिथे ते वर्तमानपत्र वाचायला येत. वाचण्याआधी त्याच्या कडा जुळवत, घडी मोडून पुन्हा घालत, शेजारच्याचा चष्मा धोतराच्या सोग्याने पुसून देत. मनीप्लँटचं पिवळं पान दिसलं की तोडत, आणि पिवळं नसलंच तर जरा कमी हिरवं असलेलं तोडत. पंखा चालू असला तर बंद करत, बंद असला तर चालू करत. त्या खोलीची व्यवस्था मी पाहते. म्हणजे आप्पा वर गेले की सगळं पुन्हा जागच्या जागी ठेवायचं काम माझं.

मुलांनो, त्या खोलीतली माशांची टाकी तुम्ही फोनवर अनेकदा पाहिली आहे. टाकीशेजारचा माणूस मात्र तुम्हाला कधी दिसला नाही, कारण मी फोन काढला की ते बाजूला सरत. "माझं काय बघायचंय? जितराब दावा त्येंला," म्हणत. म्हणून हे लिहिते आहे.

आप्पा दौंड तालुक्यातल्या खुटबावचे. ऊस, म्हशी, बैलजोडी यांत आयुष्य गेलेलं. पत्नी मालनबाई वारल्या, मग जनावरं विकली, जमीन पुतण्या कसू लागला आणि मुलगा विलास त्यांना इकडे घेऊन आला. विलास सणसवाडीच्या कारखान्यात पाळीवर जातो, सून बँकेत. दिवसभर तिसऱ्या मजल्यावर आप्पा एकटे. "वर बसून काय करू बाई? भितीला वैरन घालू?" असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

टाकी आम्हाला गाव सोडून जाणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरांनी दिली. तीत गप्पी मासे होते आणि काचेवर भरपूर शेवाळ. ते खायला पुण्याहून गोड्या पाण्यातल्या लाल कोळंब्या मागवाव्यात असं ठरलं. तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, नाजूक. पहिली खेप आली तेव्हा आप्पा काचेला नाक लावून म्हणाले, "आमी नदीतली झिंगं तव्यावर भाजून खाल्ली. आता म्हातारपनी त्येंचीच शेवा." त्या दिवसापासून टाकी त्यांची झाली. मी 'हात लावू नये' अशी पाटी छापून काचेवर लावली. आप्पांनी ती वाचली, तिचा सुटलेला कोपरा नीट चिकटवला, झाकण उघडलं आणि आत कोपरापर्यंत हात घातला.

"आप्पा, पाटी वाचलीत ना?"

"वाचली की. झ्याक केलीया. लोकं लई हात लावत्यात."

कोळंब्यांना ते भाकरीचा चुरा घालत, शेंगदाण्याचं कूट घालत, एकदा तर चक्क सरकीची पेंड घातली. पाणी ताकासारखं पांढरं झालं आणि पहिली खेप मेली. मी त्यांना समोर बसवून समजावलं की हे जीव शेवाळावर जगतात, वरून चिमूटभर घातलं तरी पुष्कळ. "व्हय बाई, बरोबर हाय," आप्पा म्हणाले. ही त्यांची नकार देण्याची पद्धत आहे हे मला कळायला वेळ लागला.

दुसऱ्या खेपेला मी खाण्याचा डबा कुलपात ठेवला. नळाच्या पाण्यात औषध असतं, म्हणून पाणी दिवसभर बादलीत उघडं ठेवून मगच टाकीत घालायचं ठरवलं. तरी कोळंब्या मरतच राहिल्या. गप्पी मासे मजेत, आणि तळाशी रोज एक-दोन फिकट गुलाबी झालेली मढी. आमचे अध्यक्ष शेखभाई, बसस्थानकाजवळ त्यांचं टायरचं दुकान आहे, रोज जाता जाता विचारत, "काय आप्पा, आज सुकट किती निघाली? कांदा चिरून ठेवा, भाकरी घेऊन येतो." आप्पा हसत नसत. मेलेली कोळंबी तळहातावर घेऊन कुंडीत पुरत आणि वर माती दाबत.

शेवटी शेखभाईंनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, तिसरी खेप आणा, पण ही शेवटची. ही पण गेली तर टाकी काढून तिथं पार्सलांची मांडणी करू. फाटकापाशी ढीग लागतो हो. आणि मेलेलं बघायला रोज कोण येणार?" त्यांचं चुकत नव्हतं.

आप्पांना हे कळलं. ते बराच वेळ टाकीच्या झाकणावरची नसलेली धूळ पुसत राहिले. "टाकी गेली की मी बी गेलो म्हना," ते म्हणाले. "हितं मला नावानं कोन वळखतंय? झिंगंवालं आप्पा म्हनूनच वळखत्यात. वरच्या मजल्यावर तर त्ये बी न्हाई."

तिसरी खेप टाकीत सोडली. तिच्यातल्याही मरायला लागल्या. तेव्हा, ईशान, तू फोनवर विचारलंस, "आजी, पाण्याला कुठे तांबं नाही ना लागत? कोळंबीला ते विष असतं. मासे एक वेळ सहन करतात." मी पंप पाहिला, नळी पाहिली, गाळणी उघडून पाहिली. सगळं प्लास्टिकचं. तांब्याचा प्रश्न माझ्या लेखी तिथे मिटला.

एके दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर खोली उघडायला गेले, तर ती उघडीच होती. आप्पा टाकीपाशी उभे. काखेत चिंचेने घासून लखलखीत केलेली कळशी, आणि तिच्यातून ते बारीक धार सोडत होते. पाणी उडू नये म्हणून धारेखाली दुसऱ्या हाताची ओंजळ धरलेली.

"आप्पा, हे काय करताय?"

"पानी घालतोय. रातभर तांब्यात ठिवलेलं हाय."

"रोज घालता?"

"मग? तुमचं त्ये बादलीतलं शिळं पानी प्यावं व्हय त्येंनी? आधी त्येंला घालतो, राह्यलेलं मी पितो."

मी त्यांना बाकावर बसवलं. मग जमेल तितक्या शांतपणे तांब्याचं सांगितलं. या वेळी ते "व्हय बाई" म्हणाले नाहीत.

"ही मालनची कळशी हाय. लगीन झाल्यापास्नं हिच्यातलं पानी पितोय आमी. आजारी रेडकांला हिच्यातनंच पाजलंय तिनं. ही कुनाला मारायची न्हाई."

"माणसांना नाही मारत, आप्पा. म्हशींनाही नाही. ह्यांना मारते."

"ह्ये तुमी पुस्तकातलं सांगताय."

"बरं, मग?"

"मग बघू."

ते वर जाऊन लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या घेऊन आले. एकीत बादलीतलं पाणी, दुसरीत कळशीतलं, आणि दोन्हींत एकेक कोळंबी. मी विरोध केला. जे मला ठाऊक आहे ते सिद्ध करायला आणखी एक जीव कशाला? "तुमाला ठावं हाय," आप्पा म्हणाले, "मला न्हाई." आणि स्टुलावर बसले. त्यांचे हात मांडीवर नुसते पडून आहेत, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी जेवून परत आले तेव्हा कळशीच्या पाण्यातली कोळंबी वर उसळ्या घेत होती, काचेवर आपटत होती. मग ती तळाशी आडवी झाली. आप्पांनी बरणीत हात घातला, तिला ओंजळीत घेतलं आणि टाकीत सोडलं. ती जगली की नाही, माहीत नाही. सगळ्या सारख्याच दिसतात. त्यांनी कळशी सोग्याने कोरडी केली, काखेत घेतली. "मी रोज घालत हुतो बाई," एवढंच म्हणाले आणि गेले.

त्यानंतर ते खाली आले नाहीत. मी वर जाऊन सांगितलं, "आप्पा, फक्त कळशी नको म्हणाले मी. तुम्ही तर या." "व्हय बाई, येतो की." याचा अर्थ आता तुम्हालाही कळतो. पुढच्याच रविवारी ते विलासच्या गाडीतून खुटबावला निघून गेले. मला त्यांचा अतिशय राग आला. ऐकायचं नाही तर अजिबात ऐकायचं नाही, आणि ऐकलं की हे असं! मधला रस्ता या माणसाला दिसतच नसे.

टाकीतलं पाणी मी हळूहळू बदललं. कोळंब्या मरायच्या थांबल्या. काही आठवड्यांनी शेवाळावर स्वल्पविरामाएवढी पिल्लं दिसू लागली. शेखभाईंनी पार्सलांची मांडणी जिन्याखाली करून घेतली आणि स्वतःच्या खर्चाने टाकीला नवा दिवा आणला. मी आप्पांना फोन केला.

"आप्पा, पिल्लं झाली. मोजता येत नाहीत इतकी."

"काय घालताय त्येंला?"

"काही नाही. शेवाळ खातात."

"आन् पानी?"

"कमी झालं की बादलीतलं."

"आन् बाकी?"

"बाकी काही करावं लागत नाही, आप्पा."

"असं कसं? कुनी इचारल्याबिगर जितराब जगतंय व्हय?"

"तुम्ही बघायला तरी या."

"व्हय बाई."

ते आले नाहीत. रविवारी विलास आला, हातात गोडेतेलाचा जुना कॅन. "विहिरीचं पाणी आहे, काकू. टाकीत घाला म्हणालेत. तांब्याला लावलेलं नाही, प्लास्टिकच्या बादलीनं शेंदलंय, असं मुद्दाम सांगायला सांगितलंय." कॅन धुतलेला होता, तरी पाण्यावर तेलाचा तवंग. शिवाय विहीर उसाच्या मधोमध, खतं मुरलेली. असलं पाणी टाकीत घालणं शक्यच नव्हतं. मी ते गॅलरीतल्या कुंड्यांना ओतलं. संध्याकाळी फोन आला.

"पोचलं का?"

"पोचलं."

"मानवलं का त्येंला?"

"मानवलं."

मग दर रविवारी कॅन येऊ लागला. तो उतरवून घ्यायचा, रिकामा करायचा, धुऊन परत पाठवायचा. कुंड्यांना पाणी जास्त होऊन माझी तुळस मुळाशी कुजली. या रविवारी सांगायचंच असं मी ठरवायची. "आप्पा, आता पाणी पाठवू नका" हे वाक्य तयारही असायचं. पण ते आधीच सुरू करत: आज विहिरीत पाला पडायच्या आत भरलं, काल मोटार चालू हुती म्हनून गढूळ हुतं, तवा भरलं न्हाई. मी म्हणायची, "मानवलं हो."

या पौषात आप्पा गेले. सकाळी विहिरीवरून आले, ओट्यावर टेकले आणि तिथेच. दहावा झाल्यावर विलास आला. त्याने कॅन दारात ठेवला. "भरून ठेवला होता," म्हणाला.

माझ्या घरात प्रत्येक वस्तूला जागा आहे, आणि त्यावरून तुम्ही मला चिडवता. हा कॅन दाराआड उभा आहे. टाकीत घालता येत नाही, कुंडीत ओतवत नाही. येता-जाता पायाला लागतो, आणि दर वेळी मी आप्पांवर चिडते.